शांतवनची साक्ष

शांतवन त्रिभुवन आपल्या बायकोच्या फुटलेल्या डोळ्याबद्दल बोलायला लागला की मंडळीतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या आणि मी कीबोर्डवर एक हळवा सूर धरून ठेवायचो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून माझे हात स्वच्छ आहेत असा कुणाचा समज व्हायला नको.

राहात्यातली आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. मी आठवडाभर शाळेत मराठी शिकवतो आणि रविवारी उपासनेला कीबोर्ड वाजवतो. शांतवन पूर्वी शुगर फॅक्टरीचा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. दारू प्यायचा, बायकोला मारायचा. एकदा मारताना तिचा डावा डोळा गेला. त्यानंतर वर्षभरानं कुठल्याशा शेतातल्या सभेत त्यानं गुडघे टेकले, पश्चात्ताप केला, दारू सोडली आणि तेव्हापासून तो गावोगाव साक्ष देत हिंडू लागला. साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्याला कुठून उचललं आणि कुठं आणून ठेवलं, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. बहुतेक लोक पाच मिनिटांत आटोपतात. शांतवनला पाऊण तास लागायचा.

सगळे त्याला मानानं 'शांतवनभाऊ' म्हणायचे. तोंडावर मीही तेच म्हणायचो. लिहिताना मात्र 'तो' म्हणतो. एवढी मोकळीक मला घेऊ द्या.

साक्षीच्या दिवशी तो पांढराशुभ्र शर्ट घालायचा. इस्त्री स्वतः करायचा, बायकोला हात लावू द्यायचा नाही. गळ्याचं बटण लावलेलं, कॉलरला घाम लागू नये म्हणून आत रुमाल. सकाळपासून काही खायचा नाही. त्याची बायको, रत्नमालावहिनी, थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन बरोबर असायच्या, ते दोन घोट घ्यायचा आणि माईक हातात घेऊन म्हणायचा, "सलाम, देवाच्या लेकरांनो! माझ्यापरीस वाईट मानूस ह्या तालुक्यात असंल तर दावा मला!"

हे तो लाजून म्हणत नसे. त्यात माज होता. गावातला पैलवान शड्डू ठोकतो तसा तो आपल्या पापावर शड्डू ठोकायचा. दुसऱ्या कुणी साक्ष दिलेली त्याला सहन होत नसे. एकदा एका साध्यासुध्या माणसानं उठून, आपण भावाच्या वाटणीत खोटं बोललो होतो असं रडत रडत सांगितलं. शांतवन माझ्या शेजारीच बसला होता. तो कानाशी येऊन म्हणाला, "हे काय पाप हाय व्हय, गुरुजी? ह्याच्यासाठी देव कशाला खाली येईल?"

आणि त्याचं स्वतःचं पाप दरवर्षी मोठं होत जायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं बायकोला उलथनं फेकून मारलं होतं. दोनएक वर्षांनी उलथन्याचा विळा झाला. मग एकदा देवळाली प्रवराच्या सभेत, समोर बरीचशी ऊसतोड्यांची घरं बसलेली होती, तिथं विळ्याचा कोयता झाला. परतताना टेम्पोत मी हळूच म्हणालो, "भाऊ, मागच्या खेपेला तर विळा होता."

तो जराही गडबडला नाही. "गुरुजी, देवाची दया किती मोठी हाय ते लोकांना समजाया नको का? उलथन्यावर कुनी रडत न्हाई."

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं असणारच. त्या बाहेर उसाकडे बघत राहिल्या.

साक्षीचा कळस ठरलेला असायचा. दारूत सैतान कसा बसलेला असतो, तो आपल्या हातात कसा शिरला, हे सांगून झालं की शांतवन आवाज एकदम खाली आणायचा. "ऊठ, रत्नमाला." वहिनी उठायच्या. डोक्यावरून डाव्या गालापर्यंत ओढलेला पदर मागे घ्यायच्या. पापणी आत ओढली गेलेली, तिथं नुसता खळगा, कडेला सतत पाणी. शांतवन त्यांची हनुवटी बोटांत धरायचा आणि चेहरा उजेडाकडे वळवायचा, मागच्या लोकांनाही दिसावं म्हणून. मग उजवीकडे, मग डावीकडे. "हे मी केलं! आन् देवानं मला माफ केलं!" लोक 'हालेलुया' म्हणायचे. मी सूर वाढवायचो.

सभा संपली की माणसं त्याचे हात हातात घ्यायला गर्दी करायची. वहिनींकडे कुणी जायचं नाही. मी वायरी गुंडाळताना बघायचो. त्या कोपऱ्यात उभ्या राहून पदराच्या टोकानं हनुवटी पुसायच्या, जिथं त्याची बोटं लागलेली असायची तेवढीच जागा. दर वेळी. डोळ्याचं पाणी नंतर, आधी हनुवटी.

मला किळस यायची. पण मी पुढच्या सभेला पुन्हा जायचो.

बरं, हा माणूस ढोंगी होता म्हणावं तर तेही खरं नाही. दारू त्यानं सोडली ती सोडलीच. करोनाच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं प्रेत उचलायला तिचे सख्खे मुलगे पुढे आले नाहीत, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. शांतवन एकटा आत गेला. तिला उचललं, लहान मुलीसारखं दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आणलं, कबरीत उतरून नीट निजवलं. तोंडावरची माती स्वतःच्या हातांनी हळू सारखी केली. मी लांबून बघत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. मग तो कबरीतून वर आला, मास्क खाली ओढला आणि तिथं उभ्या असलेल्या चार माणसांना म्हणाला, "माझ्यापरीस वाईट मानूस ह्या तालुक्यात…" पाऊण तास. त्या म्हातारीच्या उघड्या कबरीच्या काठावर.

देव सगळ्यांचा निवाडा करील त्या न्यायाच्या दिवसाविषयी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, बोलू लागले की शांतवन डुलक्या घ्यायचा. एकदा मी त्याला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? तो हसला. "वरच्या कोर्टात माझी फाईल क्लोज हाय, गुरुजी. सही-शिक्क्यासकट. आता कुनी अपील करू शकत न्हाई."

रत्नमालावहिनी माझ्या घरी एकट्या अशा एकदाच आल्या. शनिवारची दुपार होती. चहा नको म्हणाल्या, उंबऱ्याजवळच बसल्या. त्यांची मुलगी एस्तेर देवळाली प्रवराला दिलेली आहे. तिनं आईला नगरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं.

"कृत्रिम डोळा बसतोय म्हनले डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "दिसनार न्हाई त्यानं. पन खड्डा दिसनार न्हाई. ह्यांना तुमी सांगा गुरुजी. तुमचं आयकतात ते."

"भाऊ नाही म्हणतात?"

त्यांनी पदराचा काठ चिमटीत धरला. "एस्तेरची पोरगी तीन वर्साची हाय. माज्या मांडीवर बसत न्हाई. मी जवळ घेतली की आईच्या मागं लपती. भिती वो मला."

मी त्याच संध्याकाळी गेलो. शांतवन शर्टाला इस्त्री करत होता. मी विषय काढला तसा त्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि अगदी प्रेमानं मला समजावून सांगितलं. "गुरुजी, प्रभू मेलेल्यांतून उठला, तवा त्याच्या हातावर खिळ्यांच्या खुना हुत्या का न्हाई? त्याला बुजवता आल्या नसत्या का? पन ठेवल्या. का ठेवल्या? लोकांनी बगाव्या म्हनून."

"भाऊ, त्या खुणा त्याच्या स्वतःच्या हातांवर होत्या."

तो थांबला. मला वाटलं, लागलं. पण तो शब्द शोधत होता, आणि त्याला तो सापडला. "नवरा-बायको एक देह. शास्त्रच सांगतं. हिचा डोळा तो माजाच डोळा."

ह्याला उत्तर होतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. तेवढ्यात वहिनींनी चहा आणून ठेवला, मी तो प्यायलो आणि घरी आलो. त्या चहाची चव मला अजून आठवते आणि स्वतःचीच शिसारी येते.

वहिनी गप्प बसतील असं मला वाटलं होतं. त्या बसल्या नाहीत. शांतवन आठ दिवस पूर्वेकडे, पाथर्डी भागात साक्षी द्यायला गेला होता. तेवढ्या दिवसांत एस्तेरनं आईला पुन्हा नगरला नेलं.

तो परतला तो थेट रविवारच्या उपासनेला. त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे होते, बाकं भरलेली होती. वहिनी एस्तेर आणि तिच्या पोरीबरोबर बायकांच्या बाजूला, मागच्या बाकावर येऊन बसल्या. पदर नेहमीसारखाच गालापर्यंत. शांतवननं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाहुण्यांसाठी पाळकसाहेबांनी त्याला साक्ष द्यायला सांगितलं आणि तो सुरू झाला. कोयता आला. सैतान आला. मी सूर धरला.

"ऊठ, रत्नमाला. अशी म्होरं ये."

त्या पुढे आल्या. पदर मागे घेतला.

दोन डोळे होते. दोन तपकिरी, शांत डोळे. नीट पाहिलं तर डावा हलत नाही हे कळत होतं, पण आधी दिसला तो एक पूर्ण चेहरा. इतकी वर्षं ज्या बाईला मी दर रविवारी बघत होतो ती कशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या बाकावरच्या दोघीतिघी हसल्या. कौतुकाचं हसणं होतं ते.

शांतवनचा हात त्यांच्या हनुवटीकडे गेला होता, तो मधेच राहिला. त्यानं माईक तळहातानं झाकला, पण नीट झाकला गेला नाही. सगळ्या चर्चला ऐकू आलं.

"काढ."

"काय?"

"काढ तो. लोकांना दावायचं हाय."

मागून कुणीतरी सवयीनं 'हालेलुया' म्हणालं. माझी बोटं अजून त्या सुरावरच होती. खरोखर सांगतो, मी तो सूर तोडला नाही, कारण तो वाजतोय हे मला कळतच नव्हतं. एस्तेर मागून ओरडली, "गुरुजी, बंद करा ना ते!" तेव्हा मी हात उचलला.

वहिनींनी शांतवनच्या हातातला माईक घेतला. त्यानं दिला, म्हणजे त्याच्या बोटांतून तो सुटला. त्यांना माईक कसा धरायचा माहीत नव्हतं. हनुवटीला टेकवून धरला.

"ते उलथनं हुतं," त्या म्हणाल्या. "कोयता न्हव्ता. आन् त्या दिवशी ह्यांनी दारू घेतली न्हव्ती. दुपार हुती. ड्युटीवरनं आल्ते. हातपाय धुतले, जेवाया बसले. भाजीत मीठ कमी हुतं. मीठ दे म्हनले. मी द्यायला उठले, आन् उठताना मारलं. शुद्धीत हुते."

त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"सैतान-बियतान कुनी न्हव्तं घरात. आमी दोघंच हुतो. देवाची माफी मागितली ह्यांनी, ती मी गावोगाव आयकली. माजी एकदाबी मागितली न्हाई."

माईक त्यांनी पाळकसाहेबांच्या हातात दिला आणि जाऊन एस्तेरजवळ बसल्या. मी वळून पाहिलं. तीन वर्षांची ती पोरगी आजीच्या नव्या डोळ्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं बोट पुढे केलं आणि पापणीला हळूच लावलं. वहिनींनी लावू दिलं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी शांतवनला बाजूच्या खोलीत बोलावलं. मी तिथं स्पीकर ठेवायला गेलो होतो, निघून जायला हवं होतं, गेलो नाही. पाळकसाहेब म्हातारे, मऊ बोलणारे. ते म्हणाले, "शांतवन, देवाच्या दयेला काठ नाही, हे मी जन्मभर सांगत आलो. आजही तेच सांगीन. पण तू ती दया अंगावर पांघरून बायकोच्या अंगावर पाय दिलास. आधी घरी जा. तिच्यापुढं खरं बोल. तोवर प्रभुभोजनाची भाकर घ्यायला येऊ नकोस."

"म्हंजे ज्याला देवानं सोडलं त्याला तुमी धरनार व्हय?"

"मी धरत नाही रे. मी तुला दार दाखवतोय."

"माजं दार मला ठावं हाय," शांतवन म्हणाला आणि निघून गेला. आमच्या मंडळीत तो पुन्हा आला नाही. वहिनी त्याच आठवड्यात एस्तेरकडे राहायला गेल्या.

मला वाटलं होतं, आता हा तोंड लपवील. किती खुळा होतो मी! सहा-सात महिन्यांनी मोटरसायकलवरून शिर्डीकडे जात होतो. रस्त्याच्या कडेला छोटा मांडव, पंधरा-वीस माणसं, आणि मांडवाच्या मागच्या बाजूला एक मोठा फ्लेक्स. मी गाडी थांबवली. फ्लेक्सवर रत्नमालावहिनींचा जुना फोटो होता. कधी काढला असेल देव जाणे. फक्त तोंड, आणि त्यातही तो खळगा. फोटो इतका वाढवला होता की कडेचं पाणी परातीएवढं झालं होतं. वर लाल अक्षरांत 'कृपेची खूण'. शांतवन हातात काठी घेऊन उभा होता आणि मास्तर नकाशावर गाव दाखवतो तशी काठी त्या खळग्यावर टेकवून बोलत होता. कोयता, दारू, सैतान, सगळं पूर्ववत. समोरच्या बायका रडत होत्या. त्यांचं रडणं खरं होतं. मी गाडी पुढे घेतली, बोरीच्या झाडाखाली थांबलो आणि ओकलो. उन्हानं झालं असेल, असं बायकोला सांगितलं.

त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं मी त्याचं नाव ऐकलं नाही. मग मागच्या वर्षी त्याचा फोन आला. आवाज ओळखू आला नाही. "गुरुजी, शांतवन बोलतोय. नगरला ॲडमिट हाय. लिव्हर गेलं. रत्नमालेला घेऊन याल का?"

जायचं नाही असंच मी ठरवलं होतं. पण निरोप न पोचवायचा अधिकार मला नव्हता. देवळाली प्रवराला गेलो. वहिनी अंगणात नातीची वेणी घालत होत्या. मी सांगितलं. एस्तेर ताडकन म्हणाली, "आई जाणार नाही." वहिनींनी वेणी पुरी केली, रिबीन बांधली आणि म्हणाल्या, "बगून येते."

वॉर्डात दुपारची भेटीची वेळ होती. शांतवन पिवळा पडला होता. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. अंगाला वास येत होता. खाटेजवळ एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर वहिनी बसल्या. मी पायथ्याशी उभा राहिलो.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग सुरू झाला, आवाज तोच, नुसती हवा गेलेली. "रत्नमाला, सैतानानं त्या दिवशी माज्या हातात…"

वहिनी नुसतं बघत होत्या.

तो थांबला. शेजारच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं. शांतवननं डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, "शुद्धीत हुतो मी."

"व्हय."

"मिठाचं काय न्हाई. फॅक्टरीत सायेब मला लई बोलला हुता. चारचौघांत. त्याला काय करता येत न्हव्तं. तुला येत हुतं."

वहिनींनी मान हलवली. जणू एवढी वर्षं त्यांना हे माहीतच होतं, फक्त त्याच्या तोंडून यायचं होतं.

"तिकडं आता जायाचं हाय," तो म्हणाला. "लई भ्या वाटतंय. माफ केलं म्हन."

मी खाटेची दांडी धरून उभा होतो. म्हणा, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि म्हणू नका, असंही.

वहिनी म्हणाल्या, "मला अजून म्हनता येत न्हाई. तुमी आजारी हाय म्हनून खोटं म्हनू का?"

शांतवननं डोळे उघडले. गावोगाव ज्यानं माफी मिळाल्याचा डंका पिटला त्या माणसाच्या तोंडून मी त्या दिवशी जे ऐकलं ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

"नको," तो म्हणाला.

वहिनी आणखी थोडा वेळ बसल्या. पिशवीतून मोसंबी काढली, सोलली, बिया काढून फोडी वाटीत ठेवल्या. त्यानं एकच खाल्ली. मग त्या उठल्या, "येते," म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तुमी या सावकाश. मी खाली हाय."

त्यांच्या मागोमाग मीही निघालो. वॉर्डाच्या दारातून एकदा वळून पाहिलं. पलीकडच्या खाटेला पाहुणे आले होते आणि वॉर्डातली मावशी त्यांच्यासाठी, वहिनी बसल्या होत्या ते स्टूल उचलायला वाकली होती. शांतवननं हात लांब करून स्टुलाची कड धरली.

"राहू द्या जरा," तो म्हणाला.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. परत जाऊन त्या स्टुलावर बसणं मला काही कठीण नव्हतं. मी गेलो नाही. मला त्याची किळस अजूनही येत होती. राहू द्या, अशी मी नुसती मान हलवली, तेव्हा मावशी दुसरं स्टूल शोधायला गेली.